कंपाउंडर उपाशी आहे

कुठल्याही दिशेनं निघा, जबलपूरहून समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत काढावीच लागते. अशा गावात मी उभा जन्म माशांचं दुकान चालवलं. खायच्या नव्हे, पाहायच्या माशांचं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "आपल्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "माझं काम म्हणजे काचा पुसणं आणि मासा माझ्यामुळे मेला नाही हे लोकांना पटवणं." ते म्हणाले, "तेच लिहा." तेव्हा यापुढच्या मजकुराची जबाबदारी त्यांची. लिहायला बसलो आहे, पण मधेमधे उठावं लागतं, कारण हल्ली आमच्या स्वयंपाकघरातला नळ फार गळतो.

या धंद्यात माशांपेक्षा माणसं सांभाळणं कठीण. सिहोऱ्याचे एक गव्हाचे व्यापारी आले होते. त्यांना कुणीतरी वास्तुशास्त्र सांगितलेलं. म्हणाले, "भैया, ऐसी मछली दो जो उत्तर की तरफ मुँह करके तैरे." मी म्हटलं, तैरेगी, पण मग परत दक्षिणेला कशी येईल? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "उलटी तैर के आ जाए." बरगीकडचा एक मच्छीमार दुकानात पंख्याखाली बसायला यायचा. धरणातले हातभर लांबीचे कटला मासे काढणारा माणूस तो. माझ्या काचेतल्या बोटाएवढ्या माशांकडे तो फार दुःखानं पाहायचा आणि दर वेळी विचारायचा, "इनको खाता कौन है?" कुणी खात नाही म्हटलं की मान हलवून चहा मागवायचा.

गोड्या पाण्याचे मासे सगळेच विकायचे. मला मात्र खाऱ्या पाण्याचं वेड लागलं होतं. शुद्ध केलेल्या पाण्यात खास प्रकारचं मीठ मोजून मिसळायचं, समुद्रातले जिवंत दगड आणायचे, त्यांवर पोवळी वाढवायची आणि मग रंगीत मासे सोडायचे. थोडक्यात काचेच्या पेटीत समुद्राचा एक तुकडा वसवायचा. बाजारातले लोक हसायचे. कुणी विचारायचं, तिलवारा घाटावरचं नर्मदेचं पाणी टँकरनं आणून त्यात मीठ टाकलं तर नाही का होत? कुणी विचारायचं, उपवासाचं सैंधव चालेल का? मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून ते आणखी विचारायचे.

अशा वेळी माझ्यावर विश्वास टाकला तो डॉ. अर्चना धोटे यांनी. या दातांच्या डॉक्टर. वडील तोफा बनवायच्या कारखान्यात होते, ते गेल्यावर घरी मायलेकीच. वर घर, खाली दवाखाना. दातांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या माणसाला आतल्या यंत्राचा आवाज ऐकू येतो आणि तो हळूच चपला घालून निघून जातो, ही त्यांची अडचण. त्यांना बाहेरच्या खोलीत काहीतरी असं हवं होतं की पेशंट त्यात गुंतून बसेल.

"टीव्ही लावू का, विलासकाका?" त्यांनी विचारलं.

"टीव्ही कोणीही लावते," मी म्हटलं. "मी तुम्हाला समुद्र लावून देतो."

आणि दिला. भिंतभर पेटी, मंद निळा दिवा, डुलणारी पोवळी. त्यात एक पिवळीधमक मासोळी, नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं एक जोडपं आणि एक ठिपकेवाला, जाड ओठांचा, भल्या मोठ्या तोंडाचा मासा. तो दिवसभर काही न करता मधोमध उभा राहायचा, म्हणून पेशंटांनी त्याचं नाव ठेकेदार ठेवलं होतं. पण पेटीचा खरा मालक होता बोटाएवढा, निळा, अंगावर काळा पट्टा असलेला एक सफाई करणारा मासा.

या सफाई माशाबद्दल सांगितलंच पाहिजे. समुद्रात पोवळ्यांच्या वसाहतीत एखादा दगड हे याचं दुकान असतं. मोठे मासे तिथे येऊन आपापली पाळी येईपर्यंत थांबतात. हा आधी नाचून दाखवतो, मग त्यांच्या अंगावरून, कल्ल्यांतून, थेट तोंडात शिरून तिथे चिकटलेले किडे वेचून खातो. ज्या जबड्यात बाकी कुणी शिरलं तर परत येत नाही, त्यातून हा आरामात फिरून कल्ल्याच्या खिडकीनं बाहेर पडतो. मोठा मासा त्याला गिळत नाही. इतका चांगला कामगार गिळला तर उद्या पाठ कोण साफ करणार?

दातांच्या दवाखान्याला याहून मोठी जाहिरात कोणती? घाबरलेला पेशंट पाहायचा की ठेकेदार आ करून शांत उभा आहे आणि हा चिमुकला त्याच्या दातांत काम करतो आहे. पाहता पाहता त्याचंही तोंड उघडायचं. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव कंपाउंडर ठेवलं. "माझं अर्धं काम हाच करते काका," त्या म्हणायच्या. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. ज्यांनी सैंधव विचारलं होतं ते आता दात दुखत नसतानाही दवाखान्यात येऊन बसायचे.

आता माई. डॉक्टरीणबाईंच्या आई. रोज सकाळी ग्वारीघाटला जायच्या, स्नान करायच्या, कणकेच्या गोळ्या माशांना घालायच्या आणि येताना डबाभर नर्मदा घेऊन यायच्या. पेटीतल्या माशांवर त्यांचा फार जीव. तक्रार एकच, "बिचारे मिठाच्या पाण्यात राहून राहिले. यांले कधी नर्मदा घडली नाही."

एकदा पिवळी मासोळी दगडावर अंग घासू लागली, म्हणजे किडे जास्त झाले होते. मी तिला नेमक्या तापमानाच्या गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढली. खाऱ्या पाण्यातल्या किड्यांना गोडं पाणी सोसत नाही, ते गळून पडतात. मासा तेवढा वेळ कसाबसा तग धरतो. धंद्यातली ही नेहमीची युक्ती. माई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

"म्हणजे गोड्या पाण्यात आंघोळ घातली की कीड झडते?"

"हो माई."

"मंग ते गोडं पाणी कोणतंही चालते?"

"स्वच्छ पाहिजे बस," मी म्हणालो आणि माझ्या कामाला लागलो.

नर्मदा जयंतीला दवाखाना बंद होता. डॉक्टरीणबाई मैत्रिणीकडे गेलेल्या. माईंनी घंगाळात कोमट नर्मदा घेतली, पुऱ्या तळायच्या झाऱ्यानं एकेक मासा काढला आणि प्रत्येकाला एक आरती होईपर्यंत स्नान घातलं. ठेकेदार झाऱ्यात मावेना, त्याला चाळणीतून आणला. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण पेटीच्या तळाशी पोवळ्यांचे मोडके तुकडे पडलेले होते, ते त्यांना पसारा वाटले. तेही काढून काथ्यानं घासले आणि कुरड्या वाळवतात तसे गच्चीवर उन्हात पसरले. स्नान फक्त एकाला घातलं नाही. "कंपाउंडर कुठं मळला होता? तो तर दुसऱ्याचा मळ काढते."

एकही मासा मेला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सगळे असे चकाकत होते की मीच चक्रावलो. माई विजयी मुद्रेनं म्हणाल्या, "नर्मदे हर, विलासभाऊ. तुमचं औषध राहू द्या आता." तुकडे वाळून पांढरेफटक झाले होते, तेही छान दिसत होते. मीच ते परत मांडले.

काही दिवसांनी फोन आला. "काका, लवकर या. कंपाउंडरनं ठेकेदाराले चावलं."

मी गेलो तर बाहेरची खोली सुन्न. खुर्चीवर रेल्वेतले गार्ड तिवारीजी बसले होते, गाल पुरीसारखा फुगलेला. दाढेच्या भीतीनं ते कितीदा तरी दारातून परत गेले होते आणि आज ठेकेदाराकडे पाहून त्यांनी मन घट्ट केलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर ठेकेदारानं आ केला, कंपाउंडर आत शिरला आणि ठेकेदार असा उसळला की डोकं काचेवर आपटून पंपाच्या मागे जाऊन बसला. नेमकं त्याच क्षणी आतून डॉक्टरीणबाईंनी गोड आवाजात हाक मारली, "अगला पेशंट!"

"हम बाद में आएँगे, दीदी," म्हणत तिवारीजी उठले आणि गाल धरून चालते झाले.

त्या आठवड्यात कंपाउंडरनं कुणाला सोडलं नाही. पिवळीचा कल्ला, जोडप्याच्या शेपट्या, जे दिसेल त्याला तो तोडायचा. मासे दगडाआड लपले. निळ्या दिव्याखाली फक्त तो एकटा गस्त घालायचा, आणि पेशंट त्याच्याकडे पाहून आतल्या डॉक्टरीणबाईंबद्दल मत बनवायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, मला वाईट वाटून राहिलं. पण होळीपर्यंत हे नाही सुधरलं, तर पेटी काढून टीव्ही लावीन. माझा दवाखाना आहे जी, सर्कस थोडीच."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. ही पेटी म्हणजे माझा एकुलता एक समुद्र होता. ती निघाली असती तर सगळा बाजार हसला असता, पण त्याचं एवढं नव्हतं. मी स्वतःच पुन्हा कधी खाऱ्या पाण्याला हात लावला नसता. जन्मभर गोल्डफिश पिशवीत भरून रबर लावत बसलो असतो. आणि कंपाउंडर दिवसेंदिवस वाळत चालला होता. त्याचं पोट आत गेलं होतं. मला राग आणि दया एकदमच येत होती.

पाणी तपासलं, ठीक. दिवा, पंप, मीठ, सगळं ठीक. कोळंबी बारीक करून दिली, त्यानं वास घेऊन सोडून दिली. माई वरून कणकेच्या गोळ्या टाकत होत्या, त्या गाळण्यात अडकत होत्या. मी पेटीपुढे डोकं धरून बसलो असताना डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या आणि कंपाउंडरकडे पाहू लागल्या.

"काका, हा माझ्यासारखा झाला."

"म्हणजे?"

"मी नवा दवाखाना टाकला तेव्हा पेशंटच नव्हते. मी काय करायची माहीत आहे? कुरिअरवाला आला की म्हणायची, भैया, जरा मुँह खोलो. आईच्या चांगल्या दाढेत पण एकदा खड्डा दिसला मला. काढायले निघाली होती."

"खरंच निघाली होती," वरच्या पायरीवरून माई म्हणाल्या.

"याच्याजवळ काम नाही काका. सगळे स्वच्छ आहेत. म्हणून हा चांगल्या माशाले खोदून राहिला."

मी उठलोच. सरळ फोन लावला तो सेल्वमला. सेल्वम म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावरून मला मासे आणि दगड पाठवणारा पाणबुड्या. त्यानं सगळं ऐकलं आणि इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग त्याच्या हिंदीत त्यानं जे सांगितलं ते असं. समुद्रात पोवळ्यांच्या तुकड्यांत तिळाएवढे ढेकूणच राहतात म्हणा ना. अंधार पडला की निघतात, झोपलेल्या माशाचं रक्त पितात, पोट भरलं की पुन्हा तुकड्यांत. दिवसा सफाई मासा अंगावर राहिलेले वेचून खातो. मोठ्या माशाचं रक्त असं ढेकणामार्फत चिमुकल्याच्या पोटात जातं. जे ढेकूण सटकतात ते बारक्या माशांना आणि कोळंबीला मिळतात, आणि हाताशी आला तर पोवळंसुद्धा एखादा गट्ट करतं. ढेकणांवर अख्खी वस्ती जेवते. शिवाय सफाई माशाला खरी आवड किड्यांची नसतेच. त्याला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आवडतो. किडे भरपूर असले तर तो मन मारून नीट वागतो. किडे संपले की थेट कातड्याला तोंड लावतो.

"तुम्हारा माताजी क्या किया मालूम?" सेल्वम म्हणाला. "पूरा राशन दुकान धो दिया. धूप में सुखा दिया."

"आता?"

"अब कीड़ा मँगाओ. सब लोग बोलता साफ माल भेजो. मेरे धंधे में तुम पहला आदमी, गंदा माल माँगता."

तो डबा रेल्वेनं आला. ओले, शेवाळलेले, समुद्राच्या वासानं घमघमणारे पोवळ्यांचे तुकडे. पार्सल खिडकीतल्या बाबूंनी नाकाला रुमाल लावला.

"क्या है इसमें?"

"कीड़े."

"ज़िंदा कि मरे हुए?"

"ज़िंदा हों यही दुआ कीजिए."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घाईघाईनं सही घेऊन मला पुढे घालवलं.

खरी लढाई दवाखान्यात होती. माई पेटीसमोर कमरेला पदर खोचून उभ्या. "नर्मदेत न्हालेल्या लेकरांवर ढेकूण सोडता, विलासभाऊ? काहून? पाप कुठं फेडाल?"

मी त्यांना सेल्वमचं सगळं ऐकवलं. रक्त, ढेकूण, वस्ती, राशन. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं उदाहरण दिलं, तर म्हणाल्या, "तुले तरी मी कधी ढेकूण आणून दिले?" होळी चार दिवसांवर आली होती, डब्यातलं पाणी गार होत चाललं होतं, आणि काचेपलीकडे कंपाउंडर तिरपा होऊन तळाशी टेकला होता. मी डबा खाली ठेवला.

"माई, कंपाउंडर उपाशी आहे हो."

माईंनी वळून पेटीत पाहिलं.

"उपाशी?"

"हो. बाकी सगळे जेवतात. त्याचं जेवण हेच आहे. दुसरं तो खात नाही."

"मंग अगोदर नाही सांगायचं का!" त्या ओरडल्या. "तासभर झाला, रक्त अन् राशन लावून राहिले! उपाशी आहे म्हणून सरळ सांगता येत नाही? आणा इकडं तो डबा!"

ज्या हातांनी घाटावर जन्मभर माशांना गोळ्या घातल्या, त्याच हातांनी माईंनी एकेक तुकडा पेटीत सोडला. नाक मुरडून, पण नीट मांडून. शेवटचा तुकडा ठेवताना त्यावर एक ढेकूण वळवळताना त्यांना दिसला. त्याला म्हणाल्या, "जास्त पिऊ नको रे कोणाचं. पोटापुरतं पी."

मग वाट पाहणं आलं. मी रोज जायचो. एके सकाळी पिवळी दगडाला पाठ घासताना दिसली आणि मला पेढे वाटावेसे वाटले. माशाच्या अंगावर किडे दिसले म्हणून आनंदानं डोळ्यांत पाणी आलेला दुकानदार आमच्या धंद्यात दुसरा झाला नसेल. कंपाउंडर तिच्याजवळ गेला, आणि चावला नाही. टिपलं आणि सोडलं.

होळीच्या आदल्या दिवशी तिवारीजी आले. आता गाल एवढा सुजला होता की टोपी तिरकी बसत होती. ते पेटीकडे पाठ करून बसले. माई पायरीवर, डॉक्टरीणबाई दारात, मी काचेला नाक लावून. आणि ठेकेदार पंपाच्या मागून निघाला. अंग घासत, थांबत, मधोमध आला. कंपाउंडरनं नाच केला. ठेकेदारानं तोंड अर्धं उघडलं आणि मिटलं.

"खोल ना बावा," माई पुटपुटल्या.

तिवारीजींनी मान वळवली. ठेकेदारानं आ केला. कंपाउंडर आत गेला. आतल्या आत त्याची शेपटी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलली, आणि तो कल्ल्यातून बाहेर आला. ठेकेदार तसाच आ करून उभा होता, आणखी करा म्हणून.

तिवारीजी उठले. टोपी काढून मला धरायला दिली. "चलिए दीदी," म्हणाले, "इससे पहले कि मेरा मन बदल जाए."

टीव्ही लागला नाही. माई त्यानंतरही दर नर्मदा जयंतीला पेटीपुढे दिवा लावायच्या, पण झारा स्वयंपाकघरातच राहायचा. कंपाउंडर त्याच्या वयानं गेला, मग दुसरा आला, त्याचंही नाव कंपाउंडर. तेव्हापासून मी हसलो नाही असा एकही दिवस त्या पेटीपुढे गेला नाही. वाईट एवढंच वाटतं की दुसरी तशी पेटी मला कुणी मागितली नाही.

आता दुकान पोराकडे आहे. तो मोबाइलची कव्हरं विकतो. मी घरी बसलो. सुरुवातीला कुसुमला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, बरं वाटलं असेल. पण मी घरात वावरू लागलो ते काहीतरी दुरुस्त करायचं शोधत. चांगल्या चालणाऱ्या पंख्याला तेल घातलं, तो बंद पडला. मिक्सर उघडला. तिचे मसाल्याचे डबे आकारानं लावले. एक दिवस ती म्हणाली, "आजकाल तुम्ही फार चावून राहिले." त्यावर आमचं बोलणं दोन दिवस बंद होतं.

त्यानंतरच नळ गळायला लागला. दर तीन-चार दिवसांनी. मी नवा वायसर घालतो, घट्ट करतो, हात पुसतो, ती म्हणते, "तुम्ही होते म्हणून." आणि मग आम्ही दोघं चहा घेतो. हे लिहिता लिहिता मघाशी पुन्हा ठिबक ऐकू आली म्हणून आत गेलो. वायसर नवाच होता. वरचं नट कुणीतरी अर्धा आटा सैल केलं होतं, आणि कुसुम पाठमोरी उभी राहून फार मन लावून कोथिंबीर निवडत होती.

मी नट आवळलं, हात पुसले. ती म्हणाली, "तुम्ही होते म्हणून."

पाना मी एरवी माळ्यावर ठेवतो. आज ओट्यावरच ठेवला, तिच्या हाती लागेल असा.